चाबूकवेल आणि तिचं गवताशी असलेलं नातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानच्या सहलीहून किंवा केरळातल्या देवराया पाहून आलेली मंडळी मला फोटो पाठवतात. पान बांबूसारखं, खोड वेतासारखं आणि पानाचं टोक घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. सोबत एकच प्रश्न असतो, ‘हे काय आहे?’ उत्तर एका ओळीत देता येतं, पण त्या ओळीनंतर आणखी दहा प्रश्न येतात आणि ते सगळे विचारण्याजोगे असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

ही वेल नेमकी कोणती?

शास्त्रीय नाव फ्लॅजेलॅरिया इंडिका. लॅटिनमध्ये ‘फ्लॅजेलम’ म्हणजे चाबूक. लांब, लवचीक, चिवट खोडामुळे हे नाव पडलं. कार्ल लिनियसने १७५३ साली ते छापलं आणि आजही तेच चालतं. इंग्रजीतही तिला चाबूक या अर्थाच्याच नावाने ओळखतात, म्हणून या पानावर मी ‘चाबूकवेल’ असं म्हणणार आहे. हे बोलीतलं नाव नाही. शास्त्रीय नावाचा अर्थ घेऊन सोयीसाठी केलेलं आहे, तेव्हा कुणा गावकऱ्याला ‘चाबूकवेल कुठे आहे?’ असं विचारू नका.

तिचं स्वतःचं स्वतंत्र कुल आहे, फ्लॅजेलॅरिएसी. त्या कुलात फ्लॅजेलॅरिया ही एकच प्रजाती आणि प्रजातीत फक्त पाच जाती. भारतात त्यातली एकच आढळते, ती म्हणजे ही.

फक्त पाच जातींसाठी वेगळं कुल कशाला?

कुल ठरतं ते नात्यावरून, संख्येवरून नव्हे. एखाद्या घराण्यात दोनशे माणसं असतात, एखाद्यात पाच उरतात. म्हणून त्या पाच जणांना शेजारच्या घराण्याच्या रेशनकार्डावर घालत नाहीत. गवताच्या कुलात, म्हणजे पोएसीत, अकरा हजारांहून जास्त जाती आहेत. चाबूकवेलीच्या कुलात पाच. पण दोघांचे रस्ते इतक्या पूर्वी वेगळे झाले की एकाला दुसऱ्यात सामावून घेता येत नाही.

‘गवताची नातेवाईक’ म्हणजे काय? दिसायला तर ती गवतासारखी नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मला सगळ्यात आवडणाराही हाच. म्हणून इथे जरा थांबू.

गवत म्हटलं की आपल्याला कुरण, हरळी, फार तर कुसळं आठवतात. पण भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस आणि बांबू ही सगळी गवतंच आहेत. आपल्या ताटातली भाकरी, भात आणि चहातली साखर ही तिन्ही एकाच कुलातून येतात. आता प्रश्न असा की हे कुल आलं कुठून आणि त्याचे भाऊबंद कोण?

वनस्पतिशास्त्रज्ञ गवतांना पोएलीज नावाच्या मोठ्या गणात ठेवतात. अननस, लव्हाळा आणि पाणकणीसही याच गणात आहेत. या गणातली जी फांदी गवतांकडे जाते तिच्यावर मोजकीच कुलं आहेत. गवतांच्या अगदी शेजारी पश्चिम ऑस्ट्रेलियातलं एक्डिओकोलिएसी हे छोटं कुल आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं जॉइनव्हिलिएसी. त्या सगळ्यांपासून सर्वात आधी वेगळी निघाली ती आपली चाबूकवेल. म्हणजे ती गवताची सख्खी बहीण नव्हे. पणजोबांच्या पिढीत वाटणी झालेल्या घरातली म्हणा.

नातं दिसतं ते बारकाव्यांत. चाबूकवेलीचा परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याला एकच गोल छिद्र असतं, गवताच्या परागकणासारखं. पानाची रचनाही ओळखीची. खालचा भाग खोडाला खोळीसारखा लपेटलेला आणि वर लांब पातं. या खुणांना पुढे डीएनएच्या अभ्यासाने दुजोरा दिला.

मग तिला गवतच का म्हणत नाहीत?

फूल आणि फळ पाहा, उत्तर तिथेच आहे.

भाताच्या लोंबीतलं एक फूल सकाळी उघडतं तेव्हा त्यात पाकळ्या दिसत नाहीत. दोन इवल्या मांसल खवल्या असतात. त्या पाणी पिऊन फुगतात आणि फुलाचं तूस दोन बाजूंना ढकलतात. पूर्वी जी पाकळ्यांसारखी दलं असावीत त्यांचं एवढंच उरलं आहे. चाबूकवेलीत ती सहाही दलं शाबूत आहेत, लहानशी आणि पांढरट. आत सहा पुंकेसर बाहेर डोकावणारे आणि मधोमध तीन भागांचा अंडाशय. सहा पुंकेसर भातालाही असतात, ज्वारी आणि गव्हाला मात्र तीनच. म्हणजे भाताने जुनी एक खूण जपली, ज्वारीने ती निम्मी केली, आणि चाबूकवेलीकडे जवळजवळ सगळा जुना संच आहे.

फळाचा फरक तर कुणालाही कळेल. गव्हाचा दाणा हे खरं तर पूर्ण फळ आहे. त्यात फळाची साल आणि बियाचं आवरण एकजीव झालेलं असतं, म्हणून गव्हाची साल काढून बी वेगळं करता येत नाही. चाबूकवेलीला मात्र बोरासारखं फळ येतं. आकाराने वाटाण्याएवढं, पिकलं की लालसर, आत टणक आठळी. पक्षी ते खातात आणि बी दूर टाकतात.

हा वेतच ना? खोड तर अगदी वेतासारखं आहे.

नाही. वेत हा ताडाच्या कुलातला, म्हणजे नारळ-सुपारीचा नातलग. चाबूकवेल गवतांच्या बाजूची. पण ही चूक आपलीच नाही. मलाय भाषेत तिला ‘रोतान तिकुस’ म्हणतात, अर्थ उंदीरवेत. तिथल्या लोकांना दोघींतलं साम्यही दिसलं आणि फरकही दिसला, म्हणून ‘वेत’ म्हटलं आणि पुढे उंदीर जोडला.

जंगलात फरक ओळखायला हात पुरेसा आहे. वेताला काटे असतात. पानाच्या खोळीवर, देठावर आणि लांबलचक चाबकासारख्या शेपट्यांवर उलटे आकडे असतात. ते शर्टात अडकले की पुढे जाता येत नाही, मागेच सरकावं लागतं. चाबूकवेलीला एकही काटा नाही, खोड गुळगुळीत. शिवाय वेताचं पान नारळासारखं पिसाकृती, अनेक पात्यांचं, तर चाबूकवेलीचं पान साधं, एकच पातं, टोकाला वळण.

काटे नाहीत, आकडे नाहीत, मग ती वर चढते कशी?

पानाच्या टोकाने. ही तिची सगळ्यात देखणी गोष्ट.

अंदमानातल्या चिडियाटापूच्या वाटेवर मी पहिल्यांदा तिच्यासमोर नीट बसलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. समोरचं पान वीतभर लांब, तळाशी दोन बोटं रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं. पातं संपलं असं वाटतं तिथे ते संपत नाही. मधली शीर पुढे दोऱ्यासारखी निघते आणि दोन-अडीच वेढे घालून थांबते. शेजारच्या पानाच्या वेढ्यात एक वाळकी काडी सापडली होती. मी काडी हलकेच ओढली. सुटली नाही. जोर लावला तेव्हा काडी मोडली आणि तिचा तुकडा त्या वेढ्यातच राहिला. वेढ्याचा आतला भाग लाकडासारखा कडक झाला होता. म्हणजे कोवळं असताना ते धरतं आणि धरल्यावर घट्ट होतं. एकेका पानाची पकड छोटी, पण वेलीवर अशी पानं शेकड्यांनी असतात.

द्राक्षबागेत काम केलेल्यांना ही पकड ठाऊक आहे. तिथे जिला ‘बाळी’ म्हणतात ती वेलीच्या पेऱ्यावरून फुटते, पानापासून वेगळी असते. कारल्या-काकडीचा तणावाही तसाच वेगळा. चाबूकवेलीत मात्र पानाचं टोकच तणावा होतं. असं आणखी एक झाड आपल्या ओळखीचं आहे: कळलावी. श्रावणात सह्याद्रीच्या पायथ्याला कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी. तिच्या पानाचं टोकही असंच वळून शेजारची काडी धरतं. पण कळलावीचं गवताशी जवळचं काही नातं नाही, ती लिलीच्या बाजूची. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे शोधली. म्हणूनच मी सांगत असतो, झाड काय करतं यावरून त्याचं कुल ठरवू नका. चढणं ही गरज आहे, ती कुणालाही पडते.

गवतांत वेली नसतातच का?

असतात. अंदमानातच डायनोक्लोआ नावाचा वेलबांबू आहे. तो झाडांवर रेलत, लोंबत वाढतो. त्याला तणावे नसतात. चाबूकवेल आणि वेलबांबू एकाच जंगलात शेजारी दिसू शकतात. पानाच्या टोकाकडे पाहिलं की गोंधळ मिटतो.

तिचं खोड दुभागतं म्हणतात, त्यात विशेष काय?

फार विशेष आहे, आणि हे समजायला हातात ऊस घ्या.

उसाच्या प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा असतो. बेणं लावताना आपण तोच डोळा सांभाळतो, कारण नवा फुटवा त्याच्यातून येतो. पानाच्या बगलेतल्या डोळ्यातून फांदी फुटणं ही बहुतेक सगळ्या फुलझाडांची रीत. चाबूकवेल वरच्या खोडात ती रीत पाळत नाही. तिथे पानाच्या बगलेत डोळे नसतात. वाढता शेंडाच मधोमध दुभागतो आणि दोन सारख्या फांद्या निघतात, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. मुख्य खोड कोणतं आणि फांदी कोणती हे सांगताच येत नाही, कारण दोन्ही शेंडे तितक्याच हक्काचे. पी. बी. टॉमलिन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७० साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेचे आणि त्यांच्या प्राचीन सोबत्यांमध्ये असं दुभागणं दिसतं, फुलझाडांत मात्र ते विरळा आहे.

आपल्याकडे याच्या तोडीचं उदाहरण किनाऱ्यावर आहे. गुजरात-दीवपासून खाली पश्चिम किनाऱ्यावर उभा असलेला रावणताड. नारळ-ताड एकाच बुंध्याने सरळ वर जातात, पण रावणताड दुभागतो, पुन्हा दुभागतो आणि अनेक डोकी घेऊन उभा राहतो. नाव उगीच पडलेलं नाही. तिथेही शेंडाच वाटला जातो.

वेलीचा तळ मात्र वेगळा वागतो. जमिनीखाली आलं-हळदीसारखं आडवं खोड असतं आणि त्यातून नवे कोंब वर येतात. त्यामुळे एकदा रुजली की एकाच जागी तिची दाट जाळी होते.

खोड किती लांब, किती जाड?

दहा-पंधरा मीटर सहज. जाडी बोटाएवढी. आतून भरीव, बांबूसारखं पोकळ नाही.

ही वेल कुठे कुठे वाढते?

तिचा पसारा थक्क करणारा आहे. पश्चिमेला आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि मादागास्कर, मग भारत, श्रीलंका, म्यानमार, मलाय द्वीपकल्प, इंडोनेशिया, फिलिपिन्स, उत्तरेला तैवान आणि जपानची दक्षिणेकडची र्‍युक्यू बेटं, दक्षिणेला ऑस्ट्रेलियाचा उत्तर आणि पूर्व भाग, आणि पुढे प्रशांत महासागरातली बेटं. नकाशावर पाहिलं तर हिंदी महासागराला काठाकाठाने वेढा घालून ती प्रशांत महासागरात शिरते.

भारतात ती अंदमान-निकोबार, केरळचा किनारी पट्टा, ओडिशातलं भितरकनिका आणि बंगालचं सुंदरबन इथे भेटते. तिला दमट हवा लागते आणि थोडा उजेड लागतो. म्हणून ती घनदाट जंगलाच्या पोटात कमी आणि कडेला जास्त असते: नदीकाठ, खारफुटीच्या मागची उंच जागा, वाट काढल्याने मोकळं झालेलं रान. खारफुटीत ती चिखलात पाय रोवून उभी असेल अशी कल्पना करू नका. भरतीचं पाणी रोज पोचतं त्याच्या मागच्या पट्ट्यात शोधा.

बाकीच्या चार जाती कुठे?

आफ्रिकेत एक (गिनीन्सिस), न्यू कॅलेडोनियाच्या नावाची एक, प्रशांत बेटांवर जायगँटिया ही नावाप्रमाणेच थोराड, आणि कोलॅरिकार्पा ही आणखी एक. सगळ्यांत दूरवर पसरलेली मात्र आपली इंडिकाच.

जुन्या पुस्तकांत या कुलात आणखी प्रजाती दिल्या आहेत. चूक आहे का?

त्या काळच्या समजुतीप्रमाणे बरोबर होतं. पूर्वी जॉइनव्हिलिया आणि हँग्वाना या दोन्ही प्रजाती याच कुलात धरल्या जात. नंतर नीट तपासल्यावर दोन्ही बाहेर पडल्या.

हँग्वाना तर फारच लांबची निघाली. ती आता केना या आपल्या पावसाळी रानफुलाच्या गणात बसते. जॉइनव्हिलिया मात्र चाबूकवेलीपेक्षा गवतांच्या आणखी जवळ सरकली. तिच्या पानाच्या सालीत गवतासारख्याच लांब आणि आखूड पेशींच्या रांगा असतात. ती वेल नाही, उभं वाढणारं झुडूप आहे, पानं चुण्या पडलेली. हवाई बेटांवर तिला ‘ओहे’ म्हणतात, आणि बांबूलाही तिथे हाच शब्द आहे. साम्य तिथल्या लोकांच्याही डोळ्यांत भरलं होतं. हवाईतली ही वनस्पती आज इतकी कमी उरली आहे की २०१६ साली अमेरिकेने तिला संकटग्रस्त यादीत घातलं. बाहेरून आणलेली डुकरं आणि इतर प्राणी तिथली जमीन उकरतात, रोपं खातात. गवताचा इतक्या जवळचा नातलग असा हातातून निसटत चालला आहे, याची मला खरोखर काळजी वाटते.

भारतीय वनस्पतिग्रंथांत तिचा जुना उल्लेख आहे का?

आहे, आणि तो मोठ्या मानाच्या ठिकाणी आहे. डच मलबारचा गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापून घेतला. त्यात मलबारच्या शेकडो वनस्पती चित्रांसह आहेत. चाबूकवेल तिथे ‘पनंबु-वळ्ळी’ या मल्याळम नावाने येते. पनंबु म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली चटई, वळ्ळी म्हणजे वेल. लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं तेव्हा त्याच्यासमोर हे चित्र होतं. म्हणजे केरळातल्या लोकांनी आधीच ओळखलेली वेल पुढे युरोपच्या पुस्तकात गेली.

या ग्रंथाचा एक धागा आपल्याकडेही येतो. माहिती पुरवणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीतले तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यातून आपली अक्षरं बाहेर पडली, तीही झाडांच्या पुस्तकात. तीनशे वर्षं लॅटिनमध्ये अडकलेला हा ग्रंथ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षं देऊन इंग्रजीत आणि मल्याळममध्ये आणला. मिळाला तर एकदा त्यातली चित्रं जरूर पाहा.

गवताच्या नात्याबद्दल बोलताना डायनोसोरांचा विषय का निघतो?

कारण गवतांचा आपल्या देशातला सर्वांत गाजलेला पुरावा डायनोसोरांच्या शेणात सापडला, आणि तो चंद्रपूर जिल्ह्यात.

वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे शेतात, बरडावर दगड झालेली विष्ठा मिळते. गवताच्या पानात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. (गवताच्या पात्याने बोट कापतं ते याच सिलिकामुळे.) पान कुजलं, पचलं तरी हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून गवताची शाखा ओळखता येते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या नमुन्यांत हे कण शोधले आणि २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. एक नाही, आजच्या गवतशाखांशी जुळणारे किमान पाच प्रकार त्यात निघाले. त्याआधी डायनोसोरांच्या काळात गवतं असल्याचा इतका स्पष्ट पुरावा कुणाकडे नव्हता.

आता चाबूकवेलीकडे या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच गवतांच्या आत शाखा फुटलेल्या होत्या, तर गवत आणि चाबूकवेल यांची वाटणी त्याच्याही आधी झालेली असणार. म्हणजे आपण रस्त्याच्या कडेला जी वेल पाहतो तिची वंशरेषा पिसदुऱ्याच्या त्या चरणाऱ्या प्राण्यांपेक्षा जुनी आहे.

म्हणजे चाबूकवेल ही गवतांची पूर्वज?

नाही, हा गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. चुलत आजोबांचा नातू आपला पूर्वज नसतो. तो आपल्याइतकाच आजचा असतो. चाबूकवेलही भाताइतकीच आजची आहे. तिनेही तेवढाच काळ बदलत काढला, तणावा कमावला, दुभागायला शिकली. फक्त काही जुन्या खुणा तिच्याकडे राहिल्या ज्या गवतांनी टाकल्या. दोघांना शेजारी ठेवून पाहिलं की गवतांनी नवीन काय केलं ते उमगतं: दलं आटली, फुलं वाऱ्यावर परागण होईल अशी झाली, फळाचं रूपांतर दाण्यात झालं. भाताचा जनुकीय नकाशा समजून घेणारे संशोधक या नातलग कुलांकडे वळतात ते याचसाठी. ज्याच्यावर निम्मं जग जेवतं तो दाणा कसा घडला, हे फक्त दाण्याकडे पाहून कळत नाही.

तिचा लोकांना उपयोग काय?

बांधायला आणि विणायला. खोड अख्खं किंवा उभं चिरून टोपल्या, मासे पकडायचे सापळे, कुंपण, छपराची बांधणी यांना वापरतात. फिलिपिन्समध्ये निपा पामची पानं शिवून छपराच्या झापा करतात, त्या शिवायला हिच्या चिरलेल्या पट्ट्या चालतात. आपल्याकडे नारळाची झापं काथ्याने बांधतात, तसंच. खरा वेत टिकाऊ आणि किमती, तो बाजारासाठी. ही घरच्या कामाची.

मलाय भागात पानांच्या पाण्याने केस धुण्याची रीत आहे. अनेक बेटांवर पानं आणि कोवळे कोंब घरगुती औषधांतही येतात.

मग कोंब खाऊन पाहायला हरकत नाही ना?

हरकत आहे. कृपा करून खाऊ नका. या वेलीच्या पानांत सायनाइड मोकळं करणारी द्रव्यं आढळली आहेत. कोवळी ज्वारी जनावरांनी खाल्ली की ती का दगावतात हे शेतकऱ्यांना माहीत आहे. तिथेही कारण याच जातीचं विष असतं. परंपरेने वापरणाऱ्यांना किती, कधी, कसं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. पर्यटकाला ते ठाऊक नसतं.

घरी कुंडीत किंवा बागेत लावता येईल का?

कुंडीत नको, तिचा जीव गुदमरेल. मोठी बाग, दमट हवा आणि चढायला झाड असेल तर बियांपासून रोप करता येतं. गर काढून बी ताजंच पेरा आणि धीर धरा, उगवायला वेळ लावते. कांडं तोडून लावायचा उसासारखा प्रयोग मात्र फसेल. डोळाच नाही तर फुटणार कुठून? जमिनीखालच्या खोडाचा तुकडा लागेल, आणि तो जंगलातून उकरून आणू नका. अंदमानातून तर मुळीच नाही.

मला विचाराल तर ती तिथेच पाहावी. हौस असेल तर कळलावी लावा. पानाचा तणावा तीही दाखवते, फक्त तिचे कंद विषारी असतात, म्हणून लहान मुलं आणि गुरं यांच्यापासून लांब.

ती धोक्यात आहे का?

इतक्या देशांत पसरलेली असल्यामुळे जात म्हणून तिला आज धोका नाही. पण किनाऱ्यालगतचं रान साफ करताना सगळ्यात आधी कोयता फिरतो तो वेलींवर. मोठी झाडं मोजली जातात, वेली मोजल्याच जात नाहीत. केरळातल्या काही छोट्या देवरायांना सिमेंटचं कुंपण घालताना आतली ‘जाळी’ साफ केलेली मी पाहिली आहे. झाडं उभी होती, राई मात्र ओकीबोकी झाली होती. देवराईची कड म्हणजे कचरा नव्हे, हे तिथल्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी मला न विचारता सांगितलं, आणि ते तिथे एकटेच ते सांगणारे होते.

मुलांना हे सगळं महाराष्ट्रात बसून कसं दाखवू?

शेतात किंवा बाजारात ज्वारीचं एक ताट मिळवा. एका पानाची खोळ खोडापासून हळूच सोलायला सांगा. ती एका बाजूने उघडी असते, शर्टाच्या पुढच्या पट्टीसारखी एक कड दुसरीवर आलेली. चाबूकवेलीची खोळ बंद नळीसारखी असते, सदऱ्याच्या बाहीसारखी, ती फाडल्याशिवाय निघत नाही. मग पावसाळ्यात कळलावीच्या पानाचं टोक दाखवा. ज्वारीचं पान आणि कळलावीचं टोक ही दोन मनात जोडली की चाबूकवेलीचं चित्र डोळ्यांपुढे बऱ्यापैकी उभं राहतं. भाताची लोंबी मिळाली तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास भिंगाने पाहा. सहा पुंकेसर मोजताना मुलं जो आरडाओरडा करतात तो ऐकण्यासारखा असतो.

ओळख पटवण्यासाठी फोटो पाठवायचा असेल तर काय काय टिपावं?

अख्ख्या वेलीचा लांबून काढलेला फोटो बहुधा उपयोगाचा नसतो, त्यात फक्त हिरवं दिसतं. पानाचं टोक जवळून घ्या, वेढा दिसेल असं. पान खोडाला जिथे मिळतं ती खोळ घ्या. खोड दुभागलेली जागा सापडली तर ती नक्की. फुलोरा किंवा फळं शेंड्याला, झुपक्यात असतात, तेव्हा मान वर करून शोधा आणि शेजारी बोट धरून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. काटे असले तर तेही दाखवा. मग तो वेत आहे आणि आपलं काम तिथेच संपलं. आणि पान तोडू नका. वेढा सोडवायला गेलात तर त्याने धरलेली काडी मोडते, माझ्या हातून मोडली तशी.